प्रिंटरची शाई घरी भरा, आणि शाळांनाही भरू द्या

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पाचगणी आणि आसपासच्या गावांत किती प्रिंटर कापडाखाली झाकून ठेवलेत, याची कुणी मोजदाद केली तर आकडा बघून लाज वाटेल. शाळेत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, होमस्टेच्या काउंटरवर, घरात पोराच्या टेबलावर. मशीन बिघडलेलं नसतं. शाई संपलेली असते. नवीन कार्ट्रिजची किंमत ऐकून माणूस म्हणतो, "राहू दे, बाहेरून काढून आणू." मग 'बाहेरून' म्हणजे बाजारात झेरॉक्सच्या दुकानात रांग, आणि वाडीवरच्या माणसाला एका पानासाठी जीपचं भाडं.

माझं म्हणणं सरळ आहे. कार्ट्रिज घरी भरता येतं. अवघड नाही, बेकायदा तर अजिबात नाही. औषधाच्या दुकानातली सिरिंज, शाईची बाटली आणि जुनं वर्तमानपत्र एवढ्यावर काम होतं. मी गेली बारा-तेरा वर्षं भरतोय. पण आज लिहायला बसलो ते नुसतं 'कसं भरायचं' सांगायला नाही. हा आता सार्वजनिक प्रश्न झालाय म्हणून लिहितोय.

कसा, ते बघा. सरकारी कामं ऑनलाइन झाली, चांगलंच झालं. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपये भरून घरबसल्या उतरवता येतो, तलाठी कार्यालयाच्या खेपा वाचल्या. दाखले ऑनलाइन, शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन, प्रवेशाचे फॉर्म ऑनलाइन. पण शेवटी खिडकीवरचा माणूस काय म्हणतो? "प्रिंट आणलीय का?" म्हणजे कागद गेलाच नाही. कागद छापायचा खर्च तेवढा कचेरीतून उठून तुमच्या-माझ्या घरात आला. पूर्वी सरकारची शाई संपायची, आता आपली संपते. दहावी-बारावीचं हॉल तिकीट घ्या. बोर्ड ते ऑनलाइन देतं, शाळेने ते छापून द्यायचं आणि त्यासाठी मुलांकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, अशी सूचना असते. सूचना योग्यच आहे. पण शाई कुठून आणायची, याबद्दल सूचना नसते.

मोठ्या बोर्डिंग शाळांना याचं काही वाटत नसेल. त्यांच्याकडे मोठी लेझर मशीन असतात आणि देखभालीचा करारही असतो. मी बोलतोय ते टेबललँडच्या मागच्या आणि घाटाखालच्या वाड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांबद्दल, जिथं पट वीस-पंचवीसचा आहे. समग्र शिक्षा अभियानात ३० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यात खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं आलं. आता हिशेब करा. वीस मुलं, चार विषय, प्रत्येक प्रश्नपत्रिका दोन पानांची. एका परीक्षेला झाली १६० पानं. छोट्या कार्ट्रिजमध्ये साधारण तेवढीच निघतात, तीसुद्धा चित्रं नसतील तर. काळं आणि रंगीत मिळून नवीन जोडी दोन हजारांच्या आसपास जाते. म्हणजे वर्षाच्या अनुदानाचा पाचवा हिस्सा एका जोडीत गेला. मग गुरुजी काय करतात? प्रश्न फळ्यावर लिहितात. एका शाळेतले गुरुजी मला म्हणाले, "प्रिंटर आहे हो, शाईच परवडत नाही." तो प्रिंटर मुंबईच्या कुणा पाहुण्यांनी दिलेला होता. देताना फोटो निघाला, पेढे वाटले गेले. तीन महिन्यांत मशीनवर टेबलक्लॉथ आला.

घाटाखाली वाईत मराठी विश्वकोशाचं काम झालं, शेजारी भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. अन् मधल्या वाडीत चौथीच्या पोराला छापील प्रश्नपत्रिका मिळत नाही, कारण पाच मिलिलिटर शाई संपली.

पाच मिलिलिटर हे उगाच म्हणत नाही. छोट्या काळ्या कार्ट्रिजमध्ये साधारण एवढीच शाई असते, चहाच्या एका चमच्याएवढी. नऊशे रुपयांचं कार्ट्रिज धरलं तर मिलिलिटरला १८० रुपये, लिटरला एक लाख ऐंशी हजार. भरायच्या शाईची १०० मिलिलिटरची बाटली दीडशे-दोनशे रुपयांत मिळते आणि तिच्यात वीस वेळा भरणं होतं. कार्ट्रिजमध्ये शाईखेरीज छपाईचं डोकंही असतं, ते बनवायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. पण एकदा ते विकत घेतल्यावर, पहिली चमचाभर शाई संपली म्हणून ते फेकायचं का?

आता भरायचं कसं, ते नीट सांगतो. नवशिके इथंच घाबरतात.

आधी आपला प्रिंटर कुठल्या जातीचा आहे ते बघा. दोन कार्ट्रिजवाला असेल, एक काळं आणि एक तिरंगी, तर बहुतेक वेळा छपाईचं डोकं कार्ट्रिजलाच असतं. नवशिक्यासाठी हा सगळ्यात सोपा. आत स्पंज असतो, शाई त्यात मुरलेली असते. चार-पाच सुटी कार्ट्रिजं असतील तर डोकं प्रिंटरमध्ये असतं, तिथं चूक महाग पडते. पहिला प्रयोग त्यावर नको. आणि बाहेरून दिसणाऱ्या टाक्या असतील तर तुम्ही सुखी आहात, टाकीत ओता आणि कामाला लागा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्ट्रिज ठणठणीत कोरडं होईपर्यंत थांबू नका. या मशीनमध्ये बारीक बारीक हीटर असतात, शाई तापून तिचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. आत शाई नसताना छापत राहिलात तर ते हीटर जळतात, मग वरून कितीही शाई भरा, उपयोग नाही. अक्षर फिकट पडलं, मधे पांढरी रेघ आली, की थांबायचं आणि त्याच दिवशी भरायचं. महिनाभर कपाटात ठेवून मग भरू म्हणाल तर तोंडाशी शाई वाळून बसलेली असते.

टेबलावर वर्तमानपत्राची जाड घडी घाला, हातात मोजे घाला. जेवणाच्या टेबलावर हा उद्योग करू नका, घरात बोलणी बसतील आणि ती योग्यच असतील. कार्ट्रिजच्या वरचा कागद हळूच उचला, फाडू नका. खाली बारीक भोकं दिसतील. काळ्यात एकापेक्षा जास्त दिसली तरी शाई एकाच भोकातून भरायची, बाकीची हवेसाठी असतात. तिरंगी कार्ट्रिजमध्ये निळा, गुलाबी, पिवळा असे तीन कप्पे. कुठल्या भोकात कुठला रंग, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून पाठ केलेल्या क्रमावर जाऊ नका. प्रत्येक भोकात स्वच्छ टूथपिक घालून बाहेर काढा, टोकाला लागलेला रंग खरा. प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज. पिवळ्यात निळ्याचा एक थेंब गेला तर पुढं शंभर पानं पोपटी सूर्य छापत बसाल.

सुई स्पंजमध्ये हळू आत घाला आणि शाई थेंबाथेंबाने सोडा. काळ्यात चार-पाच मिलिलिटर, रंगीत कप्प्यांत प्रत्येकी दोनच्या आसपास. भोकाशी शाई वर आलेली दिसली की थांबा, जरा मागे ओढून घ्या. घाई केलीत की आत हवा अडकते आणि सगळे म्हणतात, "भरलं पण चालत नाही." भरून झालं की वरचा कागद परत चिकटवा, पण हवेची वाट बुजवू नका. सेलोटेपने गच्च बंद केलंत तर दोन पानं छान येतील आणि तिसऱ्याला शाई थांबेल. डबा उपडा करून एकच भोक पाडलं तर तेल जसं अडतं, तसं.

मग टिश्यूची घडी किंचित ओली करून कार्ट्रिजचं तोंड तिच्यावर दाबून धरा. काळ्याची एक स्वच्छ रेघ उमटली पाहिजे, रंगीतच्या तीन. रेघ तुटक आली तर कोमट डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेल्या टिश्यूवर पाच मिनिटं ठेवा. तांब्याच्या पट्ट्यांवर शाई लागली असेल तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा, नखाने खरवडू नका. तासभर सरळ ठेवून द्या, मग बसवा. प्रिंटरच्या मेनूतून साफसफाई एकदा करा, फार तर दोनदा. दहादा करत बसलात तर भरलेली शाई सगळी आतल्या गादीत जाते.

आणि स्क्रीनवर 'शाई संपली' असंच दिसत राहील. घाबरू नका. बहुतेक मशीन आतली शाई बघत नाहीत, छापलेले थेंब मोजून अंदाज करतात. तुम्ही भरल्याचं त्यांना कळत नाही. बऱ्याच प्रिंटरवर 'ओके' म्हणून पुढं जाता येतं, काहींवर बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं.

एक कार्ट्रिज माझ्या हातून पाच-सात वेळा छान चालतं. त्यापुढं डोकं झिजतं, अक्षर काटेरी येतं, तेव्हा नवीन घ्या. सातातली सहा तर वाचली.

आता आपल्या गावच्या हवेबद्दल. मैदानी भागातल्या लोकांनी सांगितलेलं हे इथं जसंच्या तसं लागू पडत नाही. शाई दोन प्रकारची. एक पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगाची, तिला डाय म्हणतात. दुसरी पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांची, ती पिगमेंट. पुष्कळ मूळ काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट असते, म्हणून अक्षर ठसठशीत येतं आणि पाण्याला टिकतं. बाजारात 'सगळ्यांना चालते' म्हणून मिळणारी स्वस्त काळी शाई मात्र बहुधा डाय असते. ती भरली की अक्षर येतं, पण जुलैत अर्ज शर्टच्या खिशात घालून बसस्टँडपर्यंत चालत गेलात की पोहोचेपर्यंत त्याची रांगोळी झालेली असते. तेव्हा बाटली घेताना विचारा, पिगमेंट आहे का डाय. काळ्यात पिगमेंट होती तर पिगमेंटच भरा, दोन्हीची मिसळ करू नका, तोंड तुंबतं. खात्री नसेल तर छापलेल्या अक्षरावर पाण्याचा थेंब टाकून बघा.

जी कागदपत्रं वीस वर्षं टिकायची आहेत, खरेदीखतं, करार, कोर्टाचे कागद, ती घरच्या डाय शाईवर छापूच नका. लेझरवर काढा, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. भरलेलं कार्ट्रिज हे रोजच्या कामासाठी आहे. प्रश्नपत्रिका, पावत्या, वर्कशीट, गणपती मंडळाची नोटीस.

पावसात आपल्याकडे कागदालाही घाम फुटतो. रिम उघडं ठेवू नका, मशीनमध्ये अडकतं आणि दोष शाईला जातो. आठवड्यातून एक रंगीत पान छापाच, सुट्टीतसुद्धा. आणि वीज गेली तर प्रिंटरचं डोकं उघडंच राहतं. वीज आल्यावर एकदा चालू करून बटणानेच बंद करा, म्हणजे डोकं आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. भिंतीवरच्या स्विचने बंद करायची सवय आपल्याकडे फार आहे, पण निम्मी कार्ट्रिजं वाळतात ती त्यामुळंच.

आता वादाचा मुद्दा. मागे मला एका सेवा केंद्रात सांगितलं गेलं, "सर, बाहेरची शाई भरणं इल्लीगल आहे." केंद्राचं नाव घेत नाही, तो मुलगा बिचारा शिकवलेलं बोलत होता. पण हे साफ खोटं आहे. वस्तू तुमची आहे, तिच्यात काय भरायचं ते तुम्ही ठरवणार. भरलेल्या शाईमुळं मशीन बिघडलं तर ती दुरुस्ती वॉरंटीत करायला कंपनी नाही म्हणेल. ते मी समजू शकतो, म्हणून वॉरंटी संपेपर्यंत कुणी थांबत असेल तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. पण इल्लीगल?

या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालंय. लेक्समार्क ही प्रिंटरची मोठी कंपनी. कार्ट्रिज सवलतीत विकायची आणि अट घालायची की एकदाच वापरा, परत आम्हालाच द्या. वेस्ट व्हर्जिनियातली इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाची छोटी कंपनी अशी भरलेली कार्ट्रिजं विकायची, तिच्यावर पेटंटचा दावा लावला. ३० मे २०१७ ला निकाल लागला, छोट्या कंपनीच्या बाजूने. एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, हा त्याचा सारांश. तो कायदा तिकडचा आहे, इथं आपोआप लागू होत नाही, हे खरं. पण 'जगात सगळीकडे बंदी आहे' असं कुणी सांगितलं तर हा निकाल त्यांना ऐकवा.

कायद्याने जमत नाही म्हटल्यावर कंपन्यांनी कुलूप मशीनमध्येच घातलं. कार्ट्रिजवर चिप बसवायची आणि ओळखीची चिप दिसली तरच छापायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरनी एके दिवशी अचानक दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर अपडेटमधून ते आधीच आत घुसवून ठेवलेलं होतं. गदारोळ झाला, कंपनीला ग्राहकांना नीट सांगितलं नाही म्हणून माफी मागावी लागली, कुलूप काढणारं अपडेटही द्यावं लागलं. पण पद्धत गेली नाही, आता खोक्यावर बारीक अक्षरात लिहून करतात. यात नवशिक्याला दिलासा एवढाच की हे कुलूप मुख्यतः परक्या चिपसाठी असतं. मूळ कार्ट्रिज मूळ चिपसकट घरी भरलंत तर ते सहसा आडवं येत नाही. सेटिंगमध्ये 'कार्ट्रिज प्रोटेक्शन' असं काही दिसलं तर बंद करून ठेवा, नाहीतर तेच कार्ट्रिज दुसऱ्या प्रिंटरला चालत नाही.

मला या सगळ्यात एका गोष्टीची गंमत वाटते. कॅनन कंपनी स्वतः सांगते की बुडबुड्याने शाई फेकायची कल्पना त्यांना १९७७ साली कशी सुचली. प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग इस्त्री चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. म्हणजे या तंत्राचा जन्मच शाईच्या सिरिंजमधून झाला. आणि आज आपण सिरिंज हातात घेतली की आपणच 'अनधिकृत'!

शाई भरणं ही आपल्या लोकांना नवी गोष्ट आहे का? दौत, ड्रॉपर, फाउंटन पेन, निळी बोटं, यातूनच आपल्या आधीची पिढी शिकली. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, पुढे त्याचीच कॅम्लिन झाली. गोळी घ्या, घरी पाण्यात विरघळवा, दौत भरा. पेन एका कंपनीचं आणि शाई दुसऱ्याची म्हणून कुणाचं पेन लिहायचं थांबलं नाही. बॉलपेन आलं तेव्हा तर 'रिफिल' हा शब्दच घराघरांत मराठी झाला.

कंपन्यांची बाजूही सांगतो. ते म्हणतात, आम्ही मशीन स्वस्तात देतो, शाईतून वसूल करतो. शाई बाहेरून भरलीत तर मशीन महाग करावं लागेल. करा की! मशीन सहा हजारांचं आहे का बारा हजारांचं, ते आधी समजलेलं बरं. फ्रिज घेताना दारावरचे तारे बघून वीज किती खाईल ते कळतं, तसं प्रिंटरच्या खोक्यावर एका पानाला किती पैसे पडतील ते ठळक छापा. आणि शाई भरू देऊनही धंदा होतो, हे त्यांच्यातल्याच एकाने दाखवलंय. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून बाटल्या-नळ्या जोडून छापत होते. एप्सनने २०१० मध्ये तिथंच पहिल्यांदा स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला, नंतर तो भारतात आला आणि आज आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत तशीच मशीन दिसतात. लोकांच्या जुगाडाला शिव्या देण्याऐवजी त्यातून शिकलं की असं होतं.

आपल्याकडे कायद्याचा वारा हळूहळू बदलतोय. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना देत नाहीत म्हणून १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. पुढं अपिलं झाली, पण तत्त्व नोंदवलं गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या शेवटी पोर्टल आलं. मोबाइल, ट्रॅक्टर, गाड्या, घरगुती उपकरणं यांची चर्चा होते. प्रिंटरच्या शाईबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती बारीक गोष्ट वाटते. दहा हजारांच्या अनुदानातून दोन हजार देणाऱ्या गुरुजींना ती बारीक वाटत नाही.

राहिला कचरा. ई-कचरा नियम २०२२, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांच्या यादीत प्रिंटर कार्ट्रिजसकट आहे. म्हणजे रिकामं कार्ट्रिज ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचंच नाही, त्याची जबाबदारी उत्पादकाची. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि आपल्या नगरपरिषदेने जुन्या कचरा डेपोचा स्वच्छ भारत पॉइंट करून दाखवलाय. ज्या गावाला ते जमलं त्याला नगरपरिषदेत आणि दोन-तीन शाळांत कार्ट्रिज जमा करायची एकेक पेटी ठेवणं अवघड नाही. नाहीतर ते खालच्या ओढ्यात जाणार, तिथून कृष्णेत, तिथून धोमच्या पाण्यात.

शाळांना माझी वेगळी विनंती आहे, मोठ्या शाळांनाही. प्रकल्पाला 'रंगीत प्रिंट लावा' हे बंद करा. पोराने हाताने काढलेलं मोराचं चित्र गुगलवरून छापलेल्या मोरापेक्षा चांगलं असतं, आणि ज्याच्या घरी प्रिंटर नाही त्याच्या आईला रात्री आठ वाजता दुकान शोधत फिरावं लागत नाही. देणगीदारांना सांगतो, शाळेला प्रिंटर देणार असाल तर टाकीचाच द्या, सोबत शाईच्या दोन बाटल्या जास्त द्या. सहा हजारांचं मशीन देऊन शाळेच्या गळ्यात दर परीक्षेला दोन हजारांचा खर्च अडकवू नका. आणि ग्रामपंचायतींनी खरेदीच्या कोटेशनमध्ये मशीनच्या किमतीशेजारी पानाचा खर्च लिहून मागावा. एक ओळ वाढवायची आहे, फक्त.

मी माझ्यापुरतं एवढं करतो. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शाईअभावी बंद पडलेला प्रिंटर असेल तर शाळेचं नाव आणि मशीनच्या मॉडेलचा फोटो मला मेसेज करा. शाळा सुरू झाल्यावर शनिवारी दुपारी येऊन भरून देईन, शाई माझी. एका अटीवर, शाळेतल्या कुणी तरी शेजारी बसून शिकून घ्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी माझी वाट बघायला नको. कुणाबरोबर कार्ट्रिज माझ्याकडे पाठवणार असाल तर तोंडाला ओला टिश्यू लावा, छोट्या डब्यात सरळ उभं ठेवा, आणि पिशवीत टिफिनच्या शेजारी ठेवू नका.